शून्यातून विश्व म्हणे! (जॉन मॅकआर्थर आणि फुकटचे एकर)

सडेतोड_सिडनीकर

काल इथे एका सदस्यांनी सिडनीजवळच्या पॅरामाटाच्या एलिझाबेथ फार्मची, म्हणजे जॉन मॅकआर्थरच्या जुन्या घराची, सहल लिहिली. फोटो सुरेख, तो व्हरांडा तर फारच. पण मजकूर? ‘शून्यातून विश्व उभं करणारा ऑस्ट्रेलियन लोकरीचा जनक, मराठी तरुणांनी आदर्श घ्यावा असा.’ प्रतिसाद लिहायला बसलो, आवरेना, म्हणून वेगळा धागा.

शून्य कुठलं हो? 1790 मध्ये मॅकआर्थर इंग्लंडहून कैदी आणणाऱ्या जहाजांच्या दुसऱ्या ताफ्यातून उतरला तो वसाहतीच्या पलटणीचा, न्यू साउथ वेल्स कोअरचा, लेफ्टनंट म्हणून. त्या ताफ्यातले जवळपास पाव कैदी मेले. त्याची तान्ही मुलगीही त्याच प्रवासात गेली, त्या दुःखाबद्दल वाद नाही. पण पुढे? 1793 मध्ये 100 एकर फुकट. त्यातले 50 साफ केले म्हणून आणखी 100 फुकट. राबायला कैदी, आणि त्यांचा शिधा सरकारी कोठारातून. गव्हर्नर किंगने 1801 मध्ये लंडनला कळवलं की हा गृहस्थ आला तेव्हा 500 पौंडांवर कर्ज होतं, आता किमान 20,000 पौंडांचा धनी आहे. लष्करी नोकरीत, अकरा वर्षांत! आपल्याकडे तलाठ्याने एवढं केलं तर अँटी करप्शनवाले दारात येतात.

त्याच वर्षी स्वतःच्याच कर्नलला, पॅटरसनला, द्वंद्वयुद्धात खांद्यात गोळी घातली. कोर्टमार्शलसाठी विलायतेला धाडला, तर पठ्ठ्या तिथे लोकरीचे नमुने दाखवून 5,000 एकरांचा हुकूम खिशात घालून 1805 मध्ये परत! 26 जानेवारी 1808 ला गव्हर्नर ब्लायला सैन्याने अटक केली, त्यामागेही हाच. आणि पॅरामाटाची ती जमीन बुरामाटागल या आदिवासी लोकांची होती, हे सहलीत एका ओळीतही नाही.

गावाकडचा_इंजिनियर

‘एका सदस्यांनी’ म्हणजे मी. नाव घ्यायला लाज वाटली का?

फुकट जमीन त्या काळी सगळ्याच अधिकाऱ्यांना मिळाली. बाकीच्यांनी काय दिवे लावले? रम विकली. यानेही विकली, मान्य. पण 1797 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केपहून मऊ लोकरीच्या मेरिनो मेंढ्या आल्या, चार-पाच जणांत वाटल्या गेल्या, तेव्हा मटणापेक्षा लोकरीत भविष्य आहे हे ओळखून जात शुद्ध ठेवली याने. 1804 मध्ये इंग्लंडच्या राजाच्या कळपाचा लिलाव झाला, त्यात बोली लावून मेंढ्या घेतल्या आणि जहाजातून इथवर आणल्या. समुद्रापार मेंढ्या नेणं म्हणजे काय हे तुम्हाला एसीत बसून कळणार नाही. 1966 च्या दोन डॉलरच्या नोटेवर त्याचा चेहरा आणि मेंढा उगाच छापला नव्हता.

बाय द वे, राहता कुठे? पॅरामाटाशेजारच्या हॅरिस पार्कलाच ना? तो जॉन हॅरिस त्याच कोअरचा सर्जन. त्याच्या जमिनीवरच्या फ्लॅटचे हप्ते भरताना बुरामाटागल आठवत नाहीत वाटतं.

सडेतोड_सिडनीकर

हप्ते भरतो, हाच फरक आहे. फुकट नाही मिळाला. आणि 1988 मध्ये ती नोट जाऊन नाणं आलं, त्यावर आदिवासी वृद्धाचा चेहरा आहे. पुढचं पान वाचत चला.

विशाखा_पिंपळगाव

दोघेही पुरुष, म्हणून तिसरं माणूस दिसत नाही तुम्हाला. त्या घराचं नाव जॉन फार्म आहे का?

हा 1801 ते 1805 बाहेर. मग 1809 ते 1817 पुन्हा बाहेर, कारण परतला तर सिडनीत खटला ठरलेला. मधली सगळी वर्षं कळप, कैदी मजूर, हिशेब, मुली, सगळं त्याच्या बायकोने, एलिझाबेथने पाहिलं. नवरा लंडनहून सूचनांची पत्रं लिहायचा. पत्र जहाजाने यायला कित्येक महिने, तोवर मेंढ्या व्यायलेल्या असत आणि लोकर कातरून झालेली असे. निर्णय कोणाचे?

माझे वडील कुवेतला होते. द्राक्षबाग आईने उभी केली. छाटणीच्या दिवसांत ती पहाटे चारला टॉर्च घेऊन बागेत असायची. सोसायटीच्या कर्जाला मात्र ‘साहेबांची सही आणा’. आजही गावात बाग ‘अण्णांची’ आहे आणि अण्णांना डाउनी हा द्राक्षावरचा रोग कशाला म्हणतात हेही माहीत नाही.

मेनँगलच्या सरकारी कृषी संस्थेला निदान एलिझाबेथचं नाव दिलंय. उशिरा का होईना.

गावाकडचा_इंजिनियर

ताई, मुद्दा चांगला आहे, पण भांडवल आणि मेंढे आणले कोणी? असो. बाईंनाही श्रेय देऊ. अर्धं.

विशाखा_पिंपळगाव

अर्धं! उपकार झाले.

माणदेशी_मेंढका

तुमचं चालू द्या. मी मेंढरांचं बोलतो, कारण इथे एकानेही आयुष्यात मेंढरू धरलेलं दिसत नाही.

मेरिनो मेरिनो करताय, पण मॅकआर्थरची सुरुवात मेरिनोने नाही झाली. त्यानेच नंतर सांगून ठेवलंय की 1794 मध्ये त्याने कलकत्त्याहून आलेल्या बंगालच्या 60 मेंढ्या-कोकरं घेतली. अंगावर लोकर कसली, नुसते केस. त्यावर आयरिश मेंढा सोडला, तर पिल्लांच्या अंगावर केस आणि लोकर अशी मिसळ आली. तिथून त्याच्या डोक्यात लोकर शिरली. म्हणजे ‘जनक’ म्हणायचं तर आजी आपल्याकडची.

खरी गंमत पुढे. न्यू साउथ वेल्समध्ये कूमाजवळ बुरूला नावाचा मेरिनो कळप होता, त्यातल्या मेंढ्या दोन-दोन, तीन-तीन पिल्लं द्यायच्या. संशोधकांनी माग काढला, तर जुळ्यांचा तो जनुक सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा निघाला. 1790 च्या दशकात कलकत्त्याहून गेलेल्या मेंढ्यांबरोबर तिकडे पोचलेला! आणि आमच्या फलटणला निंबकर संस्थेने तीच गरोळ बंगालमधून आणून आपल्या दख्खनी मेंढीत तो गुण उतरवला. नारी सुवर्णा म्हणतात. दख्खनी एक पिल्लू देते, ही दोन देते.

सडेतोड_सिडनीकर

ही माहिती नवी होती. पण मॅकआर्थरच्याच 60 मेंढ्यांतून तो जनुक आला कशावरून? त्या काळी बंगालच्या मेंढ्या इतरांनीही आणल्या होत्या. पाद्री मार्सडनकडेही कळप होते.

माणदेशी_मेंढका

मी कुठे म्हटलं त्याच्याच? नीट वाचा. बंगालच्या म्हटलं.

अस्सल_घाटी

जुळी जुळी म्हणून नाचू नका. आमच्या पाहुण्यांनी असला मेंढा घेतला. पिल्लं झाली दोन-दोन, दूध एकालाच पुरेना. दसऱ्यानंतर मेंढरांचा वाडा कोकणात उतरला, तर अशक्त पिल्लं चालणार कशी? निम्मी वाटेत गेली. प्रयोगशाळेतली मेंढी बांधून चारणाऱ्याची. आपली दख्खनी एकच देते, पण ते जगतं.

माणदेशी_मेंढका

पाहुण्यांनी मेंढा घेतला आणि खुराक नाही घेतला! व्यायच्या आधी महिनाभर मूठ-मूठ मका दिला का? आमच्याकडे दुसरं पिल्लू शेळीला लावतो. पहिले आठ दिवस वाघरीत, जाळीच्या कुंपणात, ठेवायचं आणि वाटेत घोड्यावर टाकायचं. ज्याला हे जमत नाही त्याने दोनाची हाव धरू नये.

अस्सल_घाटी

घोडा तुमच्या सासऱ्याने दिला असेल. आम्ही पायी चालतो.

माणदेशी_मेंढका

सासऱ्यावर येऊ नका. तुमचं एक खरं आहे, चारणीवर सगळ्यांना नाही परवडत. पण लोकरीवर तरी कोण जगतं आता? कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या पैशातून निघत नाही. गेल्या खेपेला पोती बांधावर टाकून आलो. आजीच्या हातची घोंगडी आहे घरात, तशी आता कोणी मागतही नाही, आणि गिरण्यांना लागते ऑस्ट्रेलियाची मऊ लोकर. मग मटणाला दोन पिल्लं नकोत तर काय?

सडेतोड_सिडनीकर

मूळ विषय: मॅकआर्थरच्या जमिनीवरचा कॅमडेन पार्कचा वाडा 1835 चा, आजही मॅकआर्थरच्या वंशजांकडे आहे. तिथून फार लांब नाही ते ॲपिन, जिथे एप्रिल 1816 मध्ये गव्हर्नर मॅक्वारीच्या सैनिकांनी किमान 14 आदिवासी मारले. तेव्हा जॉन लंडनला होता, म्हणजे इथे कळप सांभाळत होत्या एलिझाबेथबाई. विशाखाताई, याचंही अर्धं श्रेय?

विशाखा_पिंपळगाव

हुकूम गव्हर्नरचा होता. पण कळपांसाठी कुरणं मोकळी होत होती, हे खरं आहे. तेवढं घेते. तुमचा सूर नाही घेत.

गावाकडचा_इंजिनियर

आणि जॉनला 1832 मध्ये अधिकृतपणे वेडा ठरवलं, 1834 मध्ये गेला. झालं समाधान? ‘शून्यातून’ हा शब्द काढतो. ‘कर्जातून’ लिहितो, म्हणजे गव्हर्नर किंगही खूश. ‘आदर्श’ तसाच राहील.

अस्सल_घाटी

ते वेडाचं राहू द्या. मेंढका, शेळीला लावलेलं पिल्लू शेळी लाथाडत नाही का? आमची तर जवळ उभं करू देत नाही.

माणदेशी_मेंढका

तिचंच दूध पिल्लाच्या पाठीला चोळायचं, आणि पहिले दोन दिवस शेळी बांधून पाजायचं. व्यनि (खाजगी निरोप) करा, फोन नंबर देतो.