स्कॅनरसाठी एसएमबी १ चालू करू नका

विंडोज ११ घेतल्यापासून ऑफिसातला जुना स्कॅनर शेअर्ड फोल्डरमध्ये फाइल टाकत नाही, तर 'एसएमबी १' (नेटवर्कवरून फाइल शेअर करायचा विंडोजमधला जुना प्रोटोकॉल) चालू करा, असा सल्ला एकाने दिलाय. स्कॅनर लगेच चालेल, खरंय. पण कृपा करून तसं करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर याच जुन्या प्रोटोकॉलमधल्या भोकातून पसरलं, कुणी कशावर क्लिक न करता, एका मशीनवरून दुसऱ्यावर. मायक्रोसॉफ्टने ते भोक बुजवणारा पॅच मार्चमध्येच दिला होता. असंख्य ठिकाणी तो टाकलाच नव्हता.

आमच्याकडेही हेच अडलं होतं. ब्राउझरमध्ये स्कॅनरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकला, त्याचं सेटिंगचं पान उघडलं. फर्मवेअर, म्हणजे स्कॅनरच्या आतलं सॉफ्टवेअर, जुनं निघालं. ते अपडेट केल्यावर नेटवर्कच्या यादीत एसएमबी २, म्हणजे त्याच प्रोटोकॉलची नंतरची आवृत्ती, दिसू लागलं. मग पीसीवर फक्त स्कॅनसाठी वेगळं, पासवर्ड असलेलं साधं युजर खातं काढलं आणि त्याला त्या एकाच फोल्डरची परवानगी दिली. ॲडमिनचा पासवर्ड स्कॅनरमध्ये भरून ठेवू नका, ही चूक फार जण करतात.

अपडेट मिळत नसेल तर स्कॅन सरळ पेनड्राइव्हवर घ्या. चार पावलं जास्त चालावं लागेल, पण टॅलीचा, म्हणजे हिशोबाचा, सगळा डेटा त्याच नेटवर्कवर आहे ना?