प्रति: नजर ६/६ आली, आता ओसीटी कशाला?

ताई, युव्हेआयटिस (डोळ्याच्या आतली सूज) शमला, चार्ट पूर्ण वाचता येतो, तरी डॉक्टर परत परत ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणारं स्कॅन) का करायला लावतात हा तुमचा प्रश्न, तर आमच्या घरचं सांगते. धाकट्या बहिणीला व्हीकेएच (व्होग्ट-कोयानागी-हारादा, दोन्ही डोळ्यांना धरणारा युव्हेआयटिसचा एक प्रकार) निघाला, आधी डोकेदुखी, कानात गुणगुण, मग दोन्ही डोळ्यांनी धुरकट, आणि नागपूरचा मे महिना त्यामुळे जो तो ऊन लागलं म्हणत होता, एका ठिकाणी तर नुसते ड्रॉप देऊन घरी पाठवलं बाप्पा! शेवटी धंतोलीत ओसीटी केली तर पडद्याखाली पाणी आणि त्यामागचा कोरॉइडचा थर फुगलेला. स्टेरॉईडने पाणी उतरलं, नजरही आली, पण कोरॉइड जाडच होता, म्हणजे आत धग बाकी होती नं, आणि ते चार्टवर कळत नाही. व्हीकेएचमध्ये गोळ्या लवकर बंद केल्या की आजार उलटायची भीती जास्त, म्हणून डोस निदान सहा महिने तरी हळूहळू उतरवतात. आत सूज धुमसत राहिली की पुढे पडद्यामागच्या थराचा रंग उडून पडदा मावळतीसारखा तांबूस दिसायला लागतो.

युव्हेआयटिसचे प्रकार खूप आहेत, पण मॅक्युलाची (पडद्याच्या मधल्या भागाची) सूज आणि एलिप्सॉइड झोन नावाची, प्रकाश टिपणाऱ्या पेशींची बारीक रेघ रिपोर्टमध्ये नक्की विचारा. रेघ तुटलेली राहिली तर सूज उतरूनही नजर पूर्ण येईलच असं नाही. आणि हो, स्टेरॉईड चालू असेल तर डोळ्याचं प्रेशरपण तपासून घ्या, स्टेरॉईडने मोतीबिंदूपण होऊ शकतो, तो तर आमच्याकडे आत्ताच सुरू झालाय.