‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ इतके का टिकले?

प्रश्न (इंदूर): आमच्या गणेशोत्सवासाठी मुले ‘निर्वाना’ या अमेरिकी रॉक बँडचे हे गाणे बसवत आहेत. अवघ्या चार कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या सूरसमूहांचे) गाणे तीन दशके कसे टिकले?

उत्तर १: कडव्यात गिटारचे दोनच सुटे सूर वाजतात आणि ध्रुवपदात सारी वाद्ये एकदम कोसळतात, ही रीत ‘पिक्सीज’ या बँडकडून घेतल्याचे निर्वानाचा गायक-गिटारवादक कर्ट कोबेनने स्वतःच सांगितले होते. तालमीत कडवे खरोखरच हळू आवाजात वाजवा, नाहीतर सारी मजा जाते.

उत्तर २: निर्माता बुच विगचे श्रेयही मोठे आहे. हे गाणे असलेल्या ‘नेव्हरमाइंड’ अल्बमच्या मे १९९१मधील ध्वनिमुद्रणांत, तोच भाग पुन्हा गाऊन आवाज दाट करण्यास नाखूश असलेल्या कोबेनला त्याने ‘बीटल्सचा जॉन लेननही असेच करायचा’ असा दाखला देऊन राजी केले.

उत्तर ३: जानेवारी १९९२मध्ये ‘नेव्हरमाइंड’ने अमेरिकेत मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ अल्बमला अग्रस्थानावरून हटवले आणि मोठ्या संगीत कंपन्या निर्वानासारखे सिएटल शहराचे बँड शोधू लागल्या.