मदत हवी आहे : दोघंही थॅलेसेमिया मायनर पण म्युटेशन वेगवेगळी, बाळाला धोका किती?

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. धाकटी बहीण दहिसरला असते, नववा आठवडा चालू आहे. रुटीन ब्लडमध्ये एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ६४, म्हणजे कमी आला म्हणून डॉक्टरांनी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी टेस्ट) करायला लावलं तर ए२ हा प्रकार ५.२ टक्के, नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे थॅलेसेमिया मायनर, जीनच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली. लहानपणापासून "रक्त कमी आहे" म्हणून तिला लोहाच्या गोळ्या आणि बीट-खजूर चालूच होतं, ही टेस्ट कुणी कधी सांगितलीच नाही, फार वाईट वाटतं त्याचं. लगेच नवऱ्याची केली, तोही मायनर. मग दोघांची डीएनए टेस्ट. तिचं म्युटेशन (जीनमधला बदल) आलं आयव्हीएस १-५ जी टू सी, म्हणजे पहिल्या इंट्रॉनमधलं पाचवं अक्षर जीचं सी झालंय, त्याचं कोडॉन १५ जी टू ए (कोडॉन म्हणजे एका अमिनो ॲसिडसाठीची तीन अक्षरं).

त्याचं मला कळलं. बीटा ग्लोबिन (हिमोग्लोबिनमधलं एक प्रोटीन) म्हणजे १४६ अमिनो ॲसिडची माळ, पंधराव्या जागी टीजीजीचं टीएजी झालं म्हणजे तिथेच "थांबा", माळ चौदावरच तुटली. पण बहिणीचं म्युटेशन इंट्रॉनमध्ये, म्हणजे जीनच्या मधल्या, प्रोटीनसाठी न वापरल्या जाणाऱ्या तुकड्यात आहे. बारावीला शिकलेलं की इंट्रॉन कापून फेकून देतात, मग फेकायच्या तुकड्यातलं एक अक्षर बदललं तर प्रोटीनला काय फरक पडतो? तरी रिपोर्टमध्ये सिव्हिअर लिहिलंय. शिवाय तिच्या सासूबाई म्हणतात दोघांचं वेगळं आहे ना, मग बाळाला कशाला होईल. सोमवारी परळला काउन्सेलिंग आहे, तोपर्यंत बहिणीला काय सांगू? रात्रभर झोपत नाहीये ती.

प्रतिसाद :
ताई, शिंपी कापडावर खडूने खूण करतो आणि खुणेपलीकडचं कापड फेकतो, पण खूणच पुसट झाली तर कात्री भलतीकडे जाणार ना. इंट्रॉनची पहिली काही अक्षरं ही ती खूण. पाचवं अक्षर बदललं की पेशीला कुठे कापायचं ते नीट ओळखता येत नाही, बहुतेक वेळा ती आजूबाजूच्या चुकीच्या जागी कापते आणि तो आरएनए (प्रोटीन बनवायला काढलेली जीनची नक्कल) कामाचा राहत नाही. थोडे बरोबर कापले जातात म्हणून याला बीटा प्लस म्हणतात, पण इतके थोडे की परिणाम गंभीरच. भारतात बीटा थॅलेसेमियात हेच म्युटेशन सगळ्यात जास्त सापडतं.

सासूबाईंचं मात्र बरोबर नाही. चुका दोन असल्या तरी जीन एकच, ११व्या क्रोमोसोमवरचा. बहिणीकडे एक प्रत चांगली आहे, नवऱ्याकडेही. बाळाला दोघांची बिघडलेलीच मिळाली तर चांगली प्रत उरतच नाही, बीटा कमी पडतं, जोडीदार न मिळालेलं अल्फा ग्लोबिन साचून तांबड्या पेशी अस्थिमज्जेतच मरतात, आणि मग दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. हाच थॅलेसेमिया मेजर. त्याची शक्यता २५ टक्के, मायनरची ५० आणि अजिबात काही नसण्याची २५, दर गरोदरपणात हिशोब नव्याने. म्हणजे मेजर नसण्याची शक्यता ७५ टक्के आहे हेही बहिणीला सांगा. अकराव्या आठवड्यानंतर सीव्हीएस (वारेचा छोटा नमुना घेऊन बाळाची तपासणी) करतात, दोघांची म्युटेशन आधीच माहीत असल्यामुळे लॅब नेमकं तेच शोधेल. वेळ आहे हातात, पण सोमवार चुकवू नका. आणि लोहाच्या गोळ्या फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघूनच.

धागाकर्ती :
खडूची खूण लगेच कळली, बहिणीला आत्ताच फोनवर वाचून दाखवलं, सासूबाईही ऐकत होत्या. आता माझीही टेस्ट करायला हवी का? हिमोग्लोबिन ११.५ असतं म्हणून कधी लक्ष दिलं नाही.

प्रतिसाद :
कराच. आईबाबांपैकी निदान एकजण मायनर असणार, म्हणजे तुमची शक्यता निम्मी तरी आहेच. नुसतं हिमोग्लोबिन नको, सीबीसी आणि एचपीएलसी दोन्ही करा.