विमानाने जाताना गाडी कुठल्यातरी गल्लीत लावून गेलात का? आल्यावर काय सापडलं? (अनुभव धागा)

सोळाकिलो (धागाकर्ती)

मंडळी, परवा सहा दिवसांनी परत आले आणि जिथे गाडी लावली होती तिथे गाडीच नाही. पहाटेचे पावणेतीन, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, दोन बॅगा, त्यातल्या एकीचं चाक तुटलेलं, आणि समोर फुटपाथच्या कडेला बरोब्बर माझ्या गाडीच्या मापाची मोकळी जागा. आजूबाजूला सगळीकडे ओल्या फांद्यांचा भुसा पडलेला आणि तेवढा एक चौकोन कोरडा स्वच्छ. आधी वाटलं मीच गल्ली चुकले म्हणून तीन चकरा मारल्या. मग वाटलं गेली चोरीला. रडकुंडीला येऊन पोलिसांना फोन लावला तर पलीकडच्या माणसाने शांतपणे नंबर विचारला आणि म्हणाला, बाई, चोरी नाही, हलवली आहे, दोन गल्ल्या सोडून बघा. झालं होतं असं की मी गेल्यावर दुसऱ्या दिवशी झाडाला पाटी बांधली, फांद्या छाटायच्या आहेत गाड्या काढा, आणि काढायला मी कुठे होते, मी ढगात होते. गाडी सापडली ती उलट्या तोंडाने लावलेली, वायपरखाली दंडाची पावती. लावताना मी दोन्ही बाजूच्या पाट्या नीट वाचल्या होत्या हो! एअरपोर्टचं पार्किंग सहा दिवसांचं तिकिटापेक्षा महाग पडत होतं म्हणून हा उद्योग केला, एका ओळखीच्याने छातीठोकपणे सांगितलं की त्या वस्तीत लाव, पंधरा मिनिटांत चालत टर्मिनल, कोणी विचारत नाही.

तर तुमचे अनुभव लिहा. भले बुरे दोन्ही चालतील. मला सध्या बुरे वाचायला जास्त बरं वाटेल.

आळशीराम

ताई तुमची निदान चालू तर झाली. मी तीन आठवड्यांनी आलो, रिमोट दाबला, काही नाही. दाराच्या किल्लीने उघडली (त्या रिमोटच्या पोटात एक छोटी किल्ली असते हे मला त्या दिवशी कळलं, गाडी घेऊन चार वर्षं झाली होती), आत बसलो, स्टार्टर फिरवला तर नुसतं टिक टिक टिक. बॅटरी ठार उतरलेली. कारण मीच, डॅशकॅमला पार्किंग मोड चालू ठेवून गेलेलो, म्हटलं कोणी ठोकली तर रेकॉर्ड होईल. रेकॉर्ड काय झालं तर पहिल्या चार रात्री, त्यात एक मांजर बॉनेटवर झोपते आणि उठून जाते.

नंतर हिशोब मांडला. गाडी बंद असली तरी अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, घड्याळ वगैरे मिळून ५० मिलिॲम्पियरपर्यंत करंट खातात, हे नॉर्मल आहे. म्हणजे दिवसाला सव्वा ॲम्पियर-अवर धरा. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ४५ ॲम्पियर-अवरची, तीन आठवड्यांत निम्मी गेली. बॅटरी नवी असेल तर एवढ्यावरही उचलते, माझ्यासारखी चार वर्षांची असेल तर रामराम म्हणते. त्यात कॅमेरा पाव ॲम्पियर जरी खात असेल तरी रोजचे सहा, म्हणजे आठवडाभरात कारभार आटोपला. लांब जाणार असाल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा, दहा नंबरचा पाना बहुतेक गाड्यांना चालतो, दोन मिनिटांचं काम. घड्याळ परत लावावं लागेल आणि काही जुन्या रेडिओंना कोड मागायची खोड असते तो आधी शोधून ठेवा.

रात्रपाळी

मी पलीकडच्या बाजूचा. म्हणजे तुम्ही सगळे जिथे गाडी लावून जाता ना, ‘कोणी विचारत नाही’ ती वस्ती, तिथे राहतो.

आमच्या दारासमोर एक करड्या रंगाची गाडी एकोणीस दिवस उभी होती. पहिले दोन दिवस वाटलं शेजाऱ्यांकडे पाहुणे आले असतील. पाचव्या दिवशी काचेवर पानं साचली. आठव्या रात्री तीन वाजता अलार्म वाजायला लागला. थांबला. परत वाजला. असं दोन रात्री. मी रात्रपाळी करून दिवसा झोपणारा माणूस, मी सुट्टीच्या रात्री जागा असतोच म्हणा, पण आई ऐंशीची, ती दचकून उठून बसायची आणि मला विचारायची कोणाचं काय झालं. तिसऱ्या रात्री अलार्मचा आवाज बारीक होत होत रडल्यासारखा झाला आणि बंद पडला. बॅटरी संपली असणार. अख्ख्या गल्लीने सुटकेचा श्वास टाकला, मालक मात्र तिकडे कुठल्यातरी दुसऱ्या खंडात मजेत फोटो काढत असेल.

आईला डॉक्टरकडे न्यायचं तर व्हीलचेअर फुटपाथच्या उतारावरून खाली घ्यावी लागते आणि त्या उताराच्या तोंडाशीच गाडीचं मागचं चाक. पूर्ण अडवलेलं नव्हतं, हातभर जागा होती, पण हातभर जागेतून व्हीलचेअर जात नाही. मी फोन केला. माणूस आला, टायरवर खडूची खूण करून गेला, काही दिवसांनी परत आला, खूण तिथेच, मग उचलून नेली. मला काडीचं वाईट वाटलं नाही त्या दिवशी.

वाईट वाटलं तीन दिवसांनी. एक जोडपं आलं रात्री, बाईच्या खांद्यावर झोपलेलं पोर, माणूस रस्त्यावर इकडून तिकडे मोबाईलचा टॉर्च मारत फिरतोय. मी खिडकीतून बघत होतो. खाली जाऊन सांगितलं कुठे नेली ते, नंबर दिला. फोन मी केला होता हे नाही सांगितलं.

सोळाकिलो

रात्रपाळी, बापरे. मी पाट्या वाचल्या पण फुटपाथचा उतार वगैरे बघितलाच नव्हता. आता आठवतही नाहीये तिथे काय होतं.

कायदेपंडित

वरच्या खडूवरून आठवलं म्हणून अवांतर. अमेरिकेत टायरवरच्या खडूवरून दोन अपील कोर्टांत जुंपली होती. २०१९ मध्ये एका कोर्टाने म्हटलं की वॉरंट नसताना टायरवर खूण करणं म्हणजे घटनेच्या अर्थाने झडतीच, आणि २०२२ मध्ये दुसऱ्याने म्हटलं की खडू लावण्यात काही गैर नाही. एका रेघेसाठी एवढं! आता बऱ्याच ठिकाणी खडू नसतोच, नंबरप्लेटचा आणि हवा भरायच्या नळीच्या तोंडाचा फोटो काढतात, घड्याळाच्या काट्यासारखं ते तोंड कुठे होतं त्यावरून गाडी हलली की नाही कळतं.

मुद्द्याचं. पाटी नाही म्हणजे मुदत नाही हा गैरसमज आहे. बऱ्याच शहरांत एक सरसकट नियम असतो, रस्त्यावर गाडी सलग ७२ तासांपेक्षा जास्त उभी करायची नाही, आणि तो प्रत्येक गल्लीत लिहिलेला नसतो. तक्रार आली तरच लागू करतात म्हणून लोकांना वाटतं नियमच नाही. शिवाय तात्पुरत्या पाट्या एक ते तीन दिवस आधी लावल्या की त्यांचं काम झालं, तुम्ही त्या बघितल्या का हा त्यांचा प्रश्न नाही. म्हणजे तीन दिवसांपेक्षा जास्त जाणार असाल तर नीट बघून लावलेली गाडीसुद्धा मधेच बेकायदेशीर होऊ शकते. सोळाकिलो ताई, तुमच्या दंडाविरुद्ध अर्ज करा, पाटी लागली त्या तारखेआधी तुम्ही उडाला होतात हे बोर्डिंग पासवरून दाखवता येईल. माफ होईलच असं नाही, पण अर्जाला काय जातंय. आणि पुढच्या वेळी लावताना गाडी, पाटी, फुटपाथ सगळं एका फ्रेममध्ये येईल असा फोटो काढत जा.

ढगात_अडकलेला

माझी गोष्ट जुनी आहे, एप्रिल २०१०. आइसलँडचा ज्वालामुखी आठवतोय का, ज्याचं नाव कोणालाच घेता यायचं नाही तो. मी तीन दिवसांसाठी कामाला गेलो होतो, गुरुवारी रात्री परत येणार आणि शुक्रवारी सकाळी त्या गल्लीत एका बाजूची झाडलोट असायची, म्हटलं गुरुवारी रात्री काढू गाडी, बारा तास हातात आहेत. गुरुवारी दुपारी राखेमुळे विमानं बंद. जवळजवळ सहा दिवस अर्ध्या युरोपचं आकाश बंद होतं, लाखाच्या घरात फ्लाइट रद्द झाल्या, माझी त्यातली एक. गाडीची दुसरी किल्ली घरात. घराची किल्ली गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात. जुडगा माझ्या खिशात, माझा खिसा हॉटेलच्या लॉबीत. मित्र बिचारा शुक्रवारी सकाळी तिथे जाऊन उभा राहिला, नुसता उभा, करणार काय, झाडूवाली गाडी त्याला वळसा घालून गेली आणि दंड झाला. सोमवारी गाडी हलवा म्हणून इशाऱ्याचं स्टिकर, बुधवारी उचलली, मी गुरुवारी पोचलो. एक दिवस हो! आणि यार्डात रोजचं भाडं वेगळं.

तेव्हापासून मी गाडीची दुसरी किल्ली त्याच्याकडेच ठेवतो.

पंक्चरवाला

किल्ली दुसऱ्याकडे असणं याला +१००. मी मार्च २०२० मध्ये नऊ दिवसांसाठी गेलो आणि पाच महिन्यांनी आलो, कारण सांगायला नको. गाडी एका अनोळखी गल्लीत. एवढंच शहाणपण सुचलं होतं की काचेच्या आत चिठ्ठी ठेवली होती, ‘अडचण होत असेल तर कृपया फोन करा’ आणि नंबर. एप्रिलमध्ये समोरच्या घरातल्या काकांचा फोन आला. मला वाटलं आता शिव्या. ते म्हणाले, तुमची गाडी ठीक आहे, तुम्ही ठीक आहात ना? नंतर दर पंधरा दिवसांनी फोन. मी आलो तेव्हा काचा पुसलेल्या होत्या, एका टायरची हवा पार बसली होती, बाकीचे तीन चपटे होऊन पहिले काही किलोमीटर गाडी बैलगाडीसारखी धडधडत होती. बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी संसार थाटलेला, फिल्टरचाच कापूस करून, आणि एका इंजेक्टरची वायर कुरतडलेली. काका म्हणाले, उंदीर मला दिसले नाहीत हो, नाहीतर कळवलं असतं. त्यांना वाईट वाटलं होतं खरोखर.

आळशीराम

चिठ्ठीत परतीची तारीख मात्र लिहू नका कोणी. ‘अमुक तारखेपर्यंत बाहेर आहे’ म्हणजे चोराला आमंत्रण. नुसता नंबर पुरे. आणि बॅटरी काढून गेलात तर ट्रॅकर लावला असेल तोही त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालणारा हवा, हे मी का सांगतोय ते विचारू नका.

मुकी_किल्ली

गाडीची किल्ली चेक-इन बॅगेत टाकू नका. मी टाकली. मी आले, बॅग नाही आली. गाडी समोर, मी बाहेर, पाऊस. एवढंच सांगायचं होतं.

पैसे_भरलेला

तुम्ही सगळे फुकट लावून पस्तावलात, मी पैसे भरून पस्तावलो. टर्मिनलवर किल्ली घेऊन गाडी लावून देणारी एक सेवा घेतली होती, नाव घेत नाही. वेबसाइटवर कुंपण, कॅमेरे, चोवीस तास पहारेकरी सगळं. आठवडाभराने गाडी परत मिळाली तर चाकांना गुडघाभर नाही पण चांगला वीतभर चिखल, मीटर ४० किलोमीटर पुढे, आणि सीट एवढी मागे की चालवणारा सहा फुटांचा असावा. नेव्हिगेशनच्या इतिहासात बघितलं तर गाडी सात दिवस कुठल्याशा वस्तीतल्या रस्त्यावर होती! म्हणजे रात्रपाळी, तुमच्या दारासमोरची ती करडी गाडी कदाचित अशाच कोणाची असेल, ज्याने पार्किंगचे पैसे मोजलेत आणि ज्याला पत्ताही नाही. तेव्हापासून किल्ली देताना मीटरचा फोटो त्यांच्यासमोर काढतो. अशा ठिकाणी किल्लीच देऊ नये हे खरं, पण घाई असते.

रात्रपाळी

हा विचार केला नव्हता. दुसऱ्यांदा वाईट वाटलं आता.

पंक्चरवाला

एक राहिलं. धुतलेली किंवा पावसात भिजलेली गाडी हँडब्रेक ओढून दोन आठवडे सोडू नका, मागे ड्रम ब्रेक असतील तर आतले शू (चाक दाबून धरणाऱ्या पट्ट्या) ड्रमला चिकटतात. सुटताना असा आवाज येतो की वाटतं ॲक्सल तुटला. सपाट जागा असेल तर गिअरमध्ये ठेवा आणि हँडब्रेक सोडा.

कायदेपंडित

सपाट असेल तरच, आणि सपाट आहे हे डोळ्यांनी कळत नाही. उतारावर हँडब्रेक हवाच, आणि गाडीचं तोंड उताराकडे असेल तर पुढची चाकं फुटपाथकडे वळवा, चढाकडे असेल तर फुटपाथपासून उलट. चिकटलेला ब्रेक परवडला, घरंगळलेली गाडी नाही.

सोळाकिलो

सगळ्यांचे आभार. अर्ज केलाय, बोर्डिंग पास जोडलाय, बघू. पुढच्या महिन्यात परत अकरा दिवस जायचंय, यावेळी बहिणीच्या दारात लावणार, किल्ली तिच्याकडे. तिला आत्ताच फोन केला तर ती म्हणाली ठेव, पण तुझा तो अलार्म मध्यरात्री वाजला तर मी काय करायचं? आळशीराम, टर्मिनल काढलं की अलार्म बंदच ना?

आळशीराम

बहुतेक गाड्यांत हो. पण काहींच्या सायरनला आत स्वतःची छोटी बॅटरी असते, चोराने तार कापली तर ओरडायला. तिला वाटतं तार चोरानेच कापली. अशा गाडीचं टर्मिनल काढलंत की ती लगेच बोंब मारू शकते. घरी असतानाच एकदा करून बघा, दुपारी.

रात्रपाळी

दुपारी मी झोपलेला असतो.