जीमेल सोडायचं का? आणि सोडायचं तर नेमकं काय काय हलवायचं?

पोचपावती (धागाकर्ता)

८ ऑक्टोबर २०२५ला गृहमंत्री अमित शहांनी आपला ईमेल झोहो मेल या भारतीय कंपनीच्या सेवेवर नेल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून नातेवाइकांच्या गटागटांत "आपणही न्यायचा का?" सुरू आहे. उत्तरं दोनच ऐकू येतात: "दहा मिनिटांचं काम" आणि "नसती उठाठेव". माझं मत, न्यावा. पण दहा मिनिटांचा हिशोब विसरा.

कारण खाजगीपणाचं नाही, त्यावर खाली भांडण होणारच आहे. जीमेलचे १५ जीबी एकट्या पत्रांचे नसतात. त्यातच ड्राइव्ह, त्यातच फोटो, अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच. लग्नाचे व्हिडिओ चढले की जागा संपते, आणि जागा संपली की पत्रं यायची थांबतात. बँकेचं पत्र पाठवणाऱ्याकडे परत जातं, तुम्हाला पत्ताही लागत नाही. शिवाय फोन, फोटो, यूट्यूब, पत्रं सगळं एकाच खुंटीला टांगलेलं. खातं गोठलं की सगळंच गोठलं.

कामाचे दोन भाग आहेत. जुनी पत्रं हलवणं हे यंत्राचं काम, आठवड्याभरात होतं. पत्ता हलवणं हे तुमचं काम, त्याला वर्ष लागतं.

क्रम असा: नवं खातं उघडून द्विस्तरीय पडताळणी लावा, रिकव्हरी कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा. मग जुन्या पत्रांची प्रत न्या. मग जीमेलच्या सेटिंगमधून फॉरवर्डिंग, म्हणजे येणारी पत्रं आपोआप नव्या पत्त्यावर पाठवणं. तिथे नवा पत्ता टाकला की त्या पत्त्यावर कोड येतो, तो जीमेलमध्ये भरायचा आणि 'प्रत इनबॉक्समध्ये ठेवा' हाच पर्याय निवडायचा. त्यानंतर एकेका ठिकाणी पत्ता बदलायचा. जुनं खातं पुसायचं नाही.

सावधपंत

धाग्याशी असहमत. जागा संपते म्हणून घर बदलायचं? आधी माळा आवरा. जीमेलमध्ये आकारानुसार शोध घेता येतो. १० एमबीच्या वरची पत्रं काढली तरी बहुतेकांचे दोन-तीन जीबी मोकळे होतात. व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळायचा खटका तर एकच आहे.

खाजगीपणाचं तुम्ही काढलं नाहीत, पण लोक त्याच आशेनं जातात म्हणून सांगतो. जाहिरातींसाठी पत्रांतला मजकूर वापरणं गुगलनं २०१७ मध्येच थांबवल्याचं जाहीर केलंय. पत्रं वाचून सुचवण्या करणारी 'स्मार्ट फीचर्स' नको असतील तर सेटिंगमध्ये बंद करता येतात. आणि तुम्ही कुठेही गेलात तरी समोरचा जीमेलवरच आहे. तुम्ही त्याला लिहिलेल्या प्रत्येक पत्राची एक प्रत गुगलकडे राहणारच. मग पदरात काय पडलं?

कुलूपकिल्ली

पंत, अर्धं बरोबर. बँकेच्या पत्राला कुणीच टोकापासून टोकापर्यंत (फक्त पाठवणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला उघडेल असं) कुलूप लावत नाही. ते उघडंच येतं. पण प्रोटॉन मेल ही गुप्ततेवर भर देणारी सेवा ते आल्यावर तुमच्या किल्लीनं बंद करून ठेवते, मग कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. हा फरक खरा आहे. पत्राचा विषय मात्र त्या कुलपाबाहेर राहतो, त्यामुळे विषयात खाते क्रमांक लिहायची सवय असेल तर ती सोडा.

याची किंमतही सांगायला हवी. प्रोटॉनचा पासवर्ड विसरून नवा घेतलात तर खातं परत मिळतं, पण जुनी पत्रं कुलूपबंदच राहतात. ती उघडायला १२ शब्दांचा रिकव्हरी फ्रेज किंवा रिकव्हरी फाइल लागते, आणि ती आधीच काढून ठेवलेली हवी. ज्यांना दर सहा महिन्यांनी 'पासवर्ड विसरलात?' दाबायची सवय आहे त्यांनी तिकडे फिरकू नये. आणि थंडरबर्डसारख्या संगणकावरच्या ईमेल प्रोग्रॅममध्ये पत्रं वाचायची असतील तर प्रोटॉनचा ब्रिज नावाचा जोडप्रोग्रॅम लागतो, तो पैसे भरणाऱ्यांनाच मिळतो. टुटा या तशाच दुसऱ्या सेवेत तर आयमॅपच (बाहेरच्या प्रोग्रॅमला पत्रं वाचू-उचलू देणारी पद्धत) नाही. उद्या तिथून निघायचं म्हटलं तर नेहमीची साधनं चालणार नाहीत.

झोहोची गोष्ट वेगळी. ते प्रोटॉनसारखं कुलूप नाही, जीमेलसारखीच व्यवस्था आहे, फक्त कंपनी भारतीय. ते कारण कुणाला पुरेसं वाटत असेल तर वाटो. पण 'झोहो म्हणजे गुप्त' हा गैरसमज नको.

टिंबटिंब

पत्रं हलवणं 'यंत्राचं काम' म्हणून एका वाक्यात उडवलंत, सगळा घोळ तिथेच होतो.

जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबलं असतात. एका पत्राला 'बँक', 'कर' आणि 'महत्त्वाचं' अशी तीन लेबलं असली तर पत्र एकच असतं. पण आयमॅपमधून पाहणाऱ्याला प्रत्येक लेबल म्हणजे एक फोल्डर. तो तिन्हीकडून एकेक प्रत उचलतो, आणि 'ऑल मेल' या सगळी पत्रं दाखवणाऱ्या फोल्डरमधून चौथी. ९ जीबीची पत्रं नव्या घरी २० जीबी होऊन पोचतात आणि जागा संपल्याचा संदेश येतो. उपाय: जीमेलच्या सेटिंगमध्ये 'लेबल्स' पानावर प्रत्येक लेबलासमोर 'आयमॅपमध्ये दाखवा' अशी खूण आहे. फोल्डरांची वर्गवारी हवी असेल तर 'ऑल मेल'ची खूण काढा. मग लेबल नसलेली, नुसती अर्काइव्ह केलेली (न पुसता इनबॉक्समधून बाजूला काढलेली) पत्रं मागे राहतात, त्यांना आधी 'जुनं' असं एक लेबल लावून घ्या. वर्गवारी नको असेल तर उलट करा, फक्त 'ऑल मेल' दाखवा.

शेजारच्याच पानावर एका फोल्डरात किती पत्रं दाखवायची याची मर्यादा आहे. कधीकाळी कुणी ती १,००० वर ठेवली असेल तर तेवढीच जातील आणि साधन 'पूर्ण झालं' म्हणून मोकळं होईल. 'मर्यादा नाही' वर आणा. 'आधी आयमॅप चालू करा' असं जे मार्गदर्शक सांगतात ते शिळे झालेत. जानेवारी २०२५ पासून साध्या जीमेल खात्यांत आयमॅप कायम चालूच असतं, तो खटका तिथे सापडणारच नाही.

मराठी लेबलं ठेवणाऱ्यांसाठी खास: आयमॅप फोल्डरांची नावं देवनागरीत नाही, जुन्या पद्धतीच्या सांकेतिक रूपात पाठवतं. काही साधनं ती उलगडत नाहीत. मग 'वीजबिल' फोल्डरच्या जागी अँपरसँडनं सुरू होणारी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. पत्रं आत शाबूत असतात, नाव बदललं की झालं. पण अशी २० लेबलं असतील तर कुठलं काय ते ओळखत बसावं लागतं. हलवण्याआधी त्यांची नावं तात्पुरती रोमनमध्ये करून घेणं सोपं.

वेग: गुगलच्या मदतपानाप्रमाणे आयमॅपनं दिवसाला २,५०० एमबीच उतरवता येतात. १२ जीबीला पाच दिवस. घाई केलीत तर खातं काही काळ, जास्तीत जास्त २४ तास, अडकतं.

सावधपंत

आणि चढवायची मर्यादा दिवसाला ५०० एमबी, तेही सांगा! म्हणजे तेच १२ जीबी परत जीमेलवर आणायचे तर २४ दिवस. जाताना पाच, येताना चोवीस. 'जमलं नाही तर परत येऊ' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

पोचपावती

पंत, परत आणायचेच कशाला? मी जुनं खातं पुसू नका म्हणालो, मूळ पत्रं तिथेच आहेत. नवीन तेवढीच आणायची. तरीही शंका असेल तर निघण्यापूर्वी गुगल टेकआउट या डेटा उतरवून देणाऱ्या सोयीतून एमबॉक्स (सगळी पत्रं एकत्र साठवणारी) फाइल उतरवून ठेवा. त्यात प्रत्येक पत्र एकदाच येतं आणि लेबलं पत्राच्या शीर्षभागात एका ओळीत नोंदलेली असतात. स्पॅम आणि कचराही त्यात येतो, तो आधी रिकामा करा. एमबॉक्स थंडरबर्डमध्ये ॲड-ऑन टाकून उघडते, पण नव्या सेवेत थेट चढेलच असं नाही. ती बॅकअप म्हणूनच धरा.

रजिस्टर एडी

तुम्ही सगळे सामानाच्या टेम्पोबद्दल भांडताय, पत्ता बदलायचं कुणी बोलतच नाहीये. मी 'जाऊ नका'च्या बाजूचा, आणि कारण हेच.

प्राप्तिकराच्या पोर्टलवर प्रोफाइलमध्ये ईमेल बदलता येतो, ओटीपी येतो, सोपं. पण विसरलात तर नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि ती बजावली गेली असंच धरतात. म्युच्युअल फंडात ईमेल प्रत्येक फोलिओला (फंडातल्या खात्याला) जोडलेला असतो. कॅम्स किंवा केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडून एकत्रित खातेउतारा मागवताना फोलिओतलाच ईमेल लागतो. निम्मे फोलिओ बदलले आणि निम्मे राहिले तर उतारा अर्धाच येतो, आणि अर्धा आहे हे त्यावर लिहिलेलं नसतं. एमएफ सेंट्रल या त्यांच्या सामायिक साइटवरून बदल केला तर फंडागणिक फॉर्म भरायचा त्रास वाचतो. डीमॅटसाठी ब्रोकर. पीएफसाठी यूएएनचं पोर्टल. काही बँका नेटबँकिंगवर बदलू देतात, काही शाखेत या म्हणतात. त्याशिवाय महावितरण, विमा, रेल्वेचं तिकीट खातं, डिजिलॉकर.

आणि 'गुगलनं साइन इन करा' दाबून उघडलेली खाती? त्यांना पासवर्डच नसतो. गुगल खात्याच्या सुरक्षा पानावर अशा जोडण्यांची यादी आहे. एकेका साइटवर जाऊन आधी स्वतंत्र पासवर्ड तयार करायचा, मग ईमेल बदलायचा, मग जोडणी तोडायची. हा क्रम उलटा केलात तर दाराबाहेर.

निवृत्त माणसाला हे सगळं करायला लावणं म्हणजे छळ आहे.

टिंबटिंब

एडी, यादी फर्मास, निष्कर्ष पटला नाही. हा त्रास जीमेल सोडण्याचा नाही, दुसऱ्याच्या नावाचा पत्ता वापरण्याचा आहे. स्वतःचं डोमेन, म्हणजे पत्त्यातला @ नंतरचा भाग, विकत घ्या. पत्ता तुमचा, मागची सेवा कुठलीही. पुढच्या वेळी फक्त डोमेनच्या एमएक्स (पत्रं कुठल्या सेवेकडे जायची ते सांगणाऱ्या) वगैरे नोंदी बदलायच्या, बँकेला कळवायचंच नाही.

आदल्या दिवशी टीटीएल (जुनी नोंद इतरांकडे किती वेळ साठून राहते ते) ३०० सेकंदांवर आणा, मग एमएक्स बदला. एसपीएफची (तुमच्या डोमेनवरून कोण पत्रं पाठवू शकतं ते सांगणारी) नोंद एकच ठेवायची. जुनीच्या खाली नवी दुसरी टाकली की दोन्ही बाद होतात, ही सर्रास चूक. डीकेआयएम (पत्रावरच्या डिजिटल सहीची नोंद) नव्या सेवेकडून घेऊन टाका. डीमार्क (या तपासण्यांत नापास पत्राचं काय करायचं ते सांगणारी नोंद) सुरुवातीला 'काहीही करू नका' या पातळीवर ठेवा, दोन आठवडे अहवाल बघून कडक करा. हे केलं नाही तर तुमची पत्रं लोकांच्या स्पॅममध्ये जातात आणि दोष नव्या सेवेला मिळतो.

सावधपंत

चहापेक्षा किटली गरम. डोमेनचं नूतनीकरण एका वर्षी राहिलं, मुदत उलटून गेली आणि तेच नाव दुसऱ्यानं घेतलं तर? तुमच्या सगळ्या 'पासवर्ड विसरलात'ची पत्रं त्याच्या घरी. जीमेलचा पत्ता खातं पुसल्यावरही गुगल दुसऱ्याला देत नाही.

टिंबटिंब

धोका खरा आहे. म्हणून डोमेन पाच वर्षांचं एकदम घ्यायचं, आणि ज्या कंपनीकडून घेतलं तिथल्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल द्यायचा नाही. डोमेन बंद पडलं तर ते सोडवायचं पत्र बंद पेटीतच जाऊन पडेल.

कुलूपकिल्ली

पैसे भरण्यावरून आठवलं. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मॅन्डेट (आपोआप पैसे कापण्याच्या परवानगीच्या) नियमामुळे परदेशी सेवांचं आपोआप नूतनीकरण भारतीय कार्डावर बऱ्याचदा अडतं. फास्टमेलसारख्या ईमेल सेवेत फुकट योजनाच नाही, पैसे अडले की काही काळानं खातं बंद. दोन वर्षांचे एकदम भरा आणि मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण कॅलेंडरात टाका. फुकट घेणाऱ्यांनीही बघा: प्रोटॉनचं फुकट खातं १२ महिने न उघडल्यास जाऊ शकतं, टुटाचं सहा महिने.

आळशी माणूस

एवढं वाचून दम लागला. सगळ्यांना पटेल असा मधला मार्ग नाही का? फॉरवर्डिंग लावून द्यायचं आणि विसरून जायचं?

रजिस्टर एडी

विसरून जाता येत नाही. जीमेलच्या स्पॅममध्ये गेलेलं पत्र फॉरवर्ड होत नाही. ओटीपीची आणि नूतनीकरणाची पत्रं तिथेच सापडतात. बँक, विमा, फंड यांच्या पत्त्यांसाठी वेगळे फिल्टर करा: 'कधीही स्पॅममध्ये टाकू नका' आणि 'फॉरवर्ड करा', दोन्ही खुणा. तरी महिन्यातून एकदा जुनं खातं उघडून बघायचंच.

वर्ष का म्हणतात तेही सांगतो. गाडीचा विमा, फॉर्म १६, घरपट्टी, शाळेची फी, ही पत्रं वर्षातून एकदाच येतात. एप्रिलमध्ये पत्ता बदललात तर पुढचा मे उजाडेपर्यंत कोण राहून गेलं ते कळत नाही. जुन्यावर काही आलं की ते उत्तर देण्यापुरतं न वाचता, त्याच क्षणी तिथला पत्ता बदलायचा.

टिंबटिंब

एक राहिलं. जीमेल पत्त्यातलं टिंब मोजत नाही, नावात कुठेही द्या, पत्र येतं. बऱ्याच इतर सेवा मोजतात. नवा पत्ता घेताना टिंबाचा घेतलात तर शक्य असल्यास बिनटिंबाचाही घ्या. लोक फोनवर पत्ता ऐकून लिहितात, टिंब हमखास गळतं.

सावधपंत

टोपणनावाला जागलात!

माझं मत बदललेलं नाही. जाणाऱ्यांनी जावं, पण एक बघून जावं. जुनं खातं ठेवायचं म्हणता, त्याला रिकव्हरी नंबर कुठला आहे? परदेशी गेलेल्या मुलांचे इथले नंबर रिचार्ज न झाल्यानं बंद पडतात, आणि ९० दिवसांनंतर तो नंबर दुसऱ्याला मिळू शकतो. गुगलही दोन वर्षं न वापरलेलं खातं पुसू शकतं. आणि नव्याचा रिकव्हरी ईमेल जुना, जुन्याचा नवा, असं गोल बांधू नका. दोन्हीकडे एकदम कुलूप लागलं तर किल्ली कुठेच नाही.

पोचपावती

हे मान्य. नव्याला रिकव्हरी म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाचा पत्ता द्यायचा. मूळ धाग्यात फिल्टर आणि रिकव्हरी नंबर या दोन गोष्टी क्रमांत घालतो. फंडांचं एडींनी सविस्तर लिहावं, स्वतंत्र धागा होईल.