परीक्षकाचं मत आणि आपले अॅनिमेशनपट : तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती, विक्रोळी

गेल्या रविवारी आमच्याकडे जेवताना वाद पेटला. एका बाजूला माझा धाकटा भाऊ, दुसऱ्या बाजूला माझी पंधरा वर्षांची लेक. दोघंही यूट्यूबवरच्या एकाच परीक्षकाचे चाहते. मुंबईचाच मुलगा आहे, फक्त अॅनिमेशनपटांवर बोलतो. त्याचं नाव लिहीत नाही, कारण हा धागा त्याला झोडपायला काढलेला नाही. 'डीमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल' या जपानी चित्रपटाबद्दल तो म्हणाला की हा सिनेमाच नव्हे, मालिकेचे भाग जोडून लांबवलेत आणि ऐन मारामारीत अकाझासारख्या पात्रांचं बालपण सांगत बसतात. भावाला ते शंभर टक्के पटलं. लेकीचा घास हातातच राहिला. "मामा, अकाझाचं आधीचं आयुष्य काढून टाकलं तर त्या मारामारीत उरतं काय, सांग ना!" मामाकडे उत्तर नव्हतं, पण मत सोडायचीही तयारी नव्हती. भात गार झाला.

मी लेकीबरोबर तो चित्रपट पाहिलाय. १२ सप्टेंबर २०२५ला तो आपल्याकडे लागला त्याच आठवड्यात, सकाळच्या शोला. तोवर शिट्ट्या मारणारी पोरं अकाझाची गोष्ट सुरू झाली तशी गप्प झाली. माझ्या पुढच्या रांगेतल्या मुलानं हातातलं पॉपकॉर्न खाली ठेवलं आणि शेवटपर्यंत उचललं नाही. परीक्षकाला जो भाग लांबण वाटला, तोच त्या थिएटरनं श्वास रोखून पाहिला. आणि तरी भाग जोडून लांबवलेत हे त्याचं म्हणणं, निदान पहिल्या तासापुरतं, मला खोटं वाटत नाही, हीच माझी अडचण आहे.

म्हणून विचारते. परीक्षण ऐकून तुमचं कुणाशी वाजलंय का? मत बदललं का? कुठला चित्रपट होता, बरोबर कोण होतं, पडद्यावर नेमकं काय चाललं होतं, ते लिहा. नुसतं 'भारी' किंवा 'टुकार' नको.

अंधेरी पूर्व

मी डबिंग करते, मराठी नाटकातून या कामात आले. याच परीक्षकाचं एक वाक्य मला फार लागलंय. 'जपानी चित्रपट हिंदीत पाहणं म्हणजे अर्धा चित्रपट पाहणं.' राहवत नाही म्हणून लिहिते.

आम्ही काय करतो ते सांगते. समोर स्क्रीन, कानाला हेडफोन, स्टँडवर कागद, हातात पेन्सिल. जपानी अॅनिमेशनमध्ये तोंडाच्या आकृत्या बहुतेक तीनच असतात, मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. त्यामुळे शब्दाशब्दाला ओठ जुळवावे लागत नाहीत, पण वाक्य कुठे सुरू होतं, कुठे थांबतं आणि शेवटी ओठ मिटतात की उघडे राहतात, हे जुळवावंच लागतं. एकदा क्लोजअपमध्ये माझ्या पात्राचे ओठ मिटत होते आणि कागदावर वाक्य होतं, 'मैं तुम्हारे साथ हूँ'. शेवटचा 'हूँ' उघडा राहतो, बघताना खटकतं. चौथ्या टेकला मी म्हटलं, 'साथ हैं हम'. 'म'वर ओठ मिटले. अर्थ थोडा सरकला, एकटीचं बोलणं दोघांचं झालं. ते बरोबर केलं की चूक, याचा विचार मी घरी येताना मेट्रोत करत होते आणि आजही करते.

त्या परीक्षकानं जपानी आणि हिंदी अशी मिनिटभराची क्लिप शेजारी शेजारी लावून निकाल दिला. त्या एका मिनिटात जपानी आवाज सरस आहे, मान्य. पण माझी आई बहात्तर वर्षांची आहे. खालची अक्षरं वाचेपर्यंत चित्र पुढे गेलेलं असतं. तिच्यासाठी अर्धा चित्रपट कुठला, हे त्यानं सांगावं.

ठाणे, वय १७

ताई, सॉरी, पण मी त्याच्याच बाजूचा आहे. जपानी आवाजात ओरडणं वेगळंच लागतं, अंगावर काटा येतो. पण आज्जीचा मुद्दा डोक्यात आला नव्हता. एक विचारायचंय, मारामारीतलं ते 'हुं', 'आऽऽ' तुम्ही स्वतः करता का, की मूळचंच ठेवतात?

लालबाग

माझा अनुभव वडिलांचा आहे. ते गिरणीत होते, त्यामुळे १८ जानेवारी १९८२ ही तारीख आमच्या घरात वाढदिवसासारखी पाठ आहे. संप सुरू झाला तो दिवस.

'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' या, युद्धात उपाशी राहिलेल्या भावंडांवरच्या जपानी चित्रपटावर या परीक्षकाचा व्हिडिओ आहे. त्याचं म्हणणं असं की चित्रपट सुंदर आहे, पण ठरवून रडवतो, लहान मुलीला हाताशी धरून प्रेक्षकाला कोंडीत पकडतो. मला ते पटलं होतं. मित्रांमध्ये हेच मत मी माझंच असल्यासारखं सांगत फिरलो.

एका संध्याकाळी मी तो पुन्हा लावला. बाबा अंघोळ करून पंचा खांद्यावर टाकून बाहेर आले, कार्टून लागलंय असं समजून क्षणभर थांबले आणि थांबलेच. उभ्यानं वीस मिनिटं पाहिलं, मग खाटेच्या कडेवर टेकले. त्यात एक जागा आहे. गोळ्यांचा पत्र्याचा डबा रिकामा झालाय, भाऊ त्यात पाणी घालतो, हलवतो आणि बहिणीला प्यायला देतो. सगळ्या गोळ्यांची चव एकत्र लागते म्हणून ती हरखते. बाबा म्हणाले, "संपाच्या दुसऱ्या वर्षी तुझी आजी साखरेचा डबा पाण्यानं विसळायची आणि त्याच पाण्याचा चहा टाकायची. तू तेव्हा नव्हतास."

हे त्यांनी मला चाळीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

नंतर मी दिग्दर्शकाबद्दल वाचलं. इसाओ ताकाहाता नऊ वर्षांचे असताना १९४५मध्ये ओकायामावर बॉम्ब पडले, त्यातून ते वाचले. चित्रपट १९८८चा. म्हणजे मधे त्रेचाळीस वर्षं गेली. पाणी घातलेला डबा प्रेक्षकाला रडवण्यासाठी शोधून काढलाय, असं आता मला म्हणवत नाही. बाबांना मी परीक्षकाचं मत सांगितलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, "त्या पोरानं भूक बघितली नसेल. त्याचा काय दोष?" मला मात्र त्याचा राग येतो, आणि त्याचं मत उसनं घेतलं म्हणून माझाही.

मालाड

मी अॅनिमेटर, अकरा वर्षं झाली. परीक्षकांनी तंत्रावर बोलावं असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच चुकीचं बोलले की जास्त लागतं.

'स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स' २०१८ला आला तेव्हा एका परीक्षकानं (हाच की दुसरा, आता सांगता येणार नाही) 'हालचाल अडखळते, रेंडर कच्चं आहे' असं ठोकून दिलं. आमच्या टीममधल्या एका मुलाचंही तेच मत. चर्चगेट ते मालाड, दारात लटकून आम्ही भांडत आलो. पडद्यावर सेकंदाला चोवीस फ्रेम जातात. प्रत्येक फ्रेमला नवी पोझ दिली की हालचाल लोण्यासारखी होते, त्याला आम्ही 'वन्स' म्हणतो. दोन-दोन फ्रेम एकच पोझ धरली की ते 'टूज', सेकंदाला बारा पोझ. जंगलातल्या त्या प्रसंगात नवशिका स्पायडर-मॅन माइल्स टूजवर हलतो आणि शेजारचा मुरलेला स्पायडर-मॅन पीटर वन्सवर. म्हणजे एकाच चौकटीत एक जण अडखळतोय आणि दुसरा वाहतोय. ती चूक नव्हे, ती गोष्ट सांगण्याची रीत आहे. अंधेरीला गर्दीनं आम्हाला आत ढकललं तरी तो ऐकेना. शेवटी जोगेश्वरीला मोबाइलवर तोच प्रसंग काढला, थांबवत थांबवत एकेक फ्रेम दाखवली. गोरेगाव येईपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "परत एकदा दाखव."

२०२३च्या पुढच्या भागात तर मुंबई आणि मॅनहॅटन मिळून केलेलं मुंबॅटन आहे. त्याची रंगसंगती करताना सत्तरच्या दशकातली इंद्रजाल कॉमिक्स डोळ्यांसमोर होती, असं ते करणाऱ्यांनीच सांगितलंय. आमच्या घरी वेताळचे मराठी अंक होते, छपाईत रंग रेषेबाहेर सरकलेले. पडद्यावर तसाच सरकलेला रंग दिसला आणि मी शेजारच्याचा हात धरला. हे कुठल्याही परीक्षकाला सांगता आलं नसतं, ते आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेतून आलं होतं. त्या चित्रपटाचं मराठी डबही निघालं होतं. आमच्या भागात मला त्याचा एकही शो मिळाला नाही, याची चुटपुट आहे.

बोरिवली

थोडक्यात लिहिते. 'महावतार नरसिंह' जुलै २०२५मध्ये सासूबाई आणि जावांबरोबर पाहिला. काही जणींनी चपला काढून ठेवल्या होत्या. परीक्षण आधीच ऐकलं होतं, 'गर्दीतले चेहरे पुतळ्यांसारखे, देवाधर्माचा विषय म्हणून गुण वाढवून देणार नाही.' चेहरे तसे होतेच, मलाही दिसले. पण शेवटी खांब फुटला तेव्हा सासूबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. घरी येऊन मी चेहऱ्यांबद्दल बोलले तर जाऊबाई दोन दिवस धड बोलल्या नाहीत. परीक्षकाचं बरोबरच आहे. आपल्या देवांची चित्रं चांगलीच निघायला हवीत, उलट जास्तच चांगली. हे मी त्यांना सांगितलं नाही, इथे लिहिते.

गिरगाव

मी सदुसष्ट वर्षांचा आहे. या तरुण परीक्षकाचं बोलणं मला आवडतं, तयारी करून बोलतो. पण एका व्हिडिओत तो म्हणाला, 'भारतीय अॅनिमेशनची सुरुवात २००५च्या हनुमानपासून'. व्ही. जी. सामंतांचा तो चित्रपट मोलाचा आहे, पण सुरुवात? मी त्याला लांबलचक उत्तर लिहिलं.

दादासाहेब फाळक्यांनी १९१५मध्ये 'आगकाड्यांची मौज' केला. आगकाड्या एकेक करून सरकवायच्या, दर वेळी फ्रेम टिपायची, चालवलं की काड्या आपल्या आपण हलतात. नंतर १९३४मध्ये प्रभातनं 'जंबू काका' काढला. १९५६ साली आपल्या मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले, त्यांच्या हाताखाली राम मोहन तयार झाले. १९९३च्या भारत-जपान रामायणात हेच राम मोहन होते. आणि १९७४चं 'एक अनेक और एकता', विजया मुळे यांचं दिग्दर्शन, भीमसेन यांचं अॅनिमेशन. आमच्या वाडीत एकाच घरी टीव्ही होता. 'एक चिड़िया, अनेक चिड़ियाँ' लागलं की दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा.

मला उत्तराची अपेक्षा नव्हती. चार दिवसांनी त्यानं व्हिडिओखाली दुरुस्ती टाकली आणि पुढच्या व्हिडिओच्या सुरुवातीला 'माझं चुकलं' असं म्हणून ही सगळी नावं घेतली. तेव्हापासून त्याच्या आवडीनिवडीशी माझं जमत नाही तिथेही मी त्याचं ऐकून घेतो. नातवाला घेऊन पेडर रोडच्या सिनेमा संग्रहालयात गेलो होतो. एकेक फ्रेम टिपायची म्हणजे काय ते त्याला कळेना, तर घरी येऊन काडेपेटी रिकामी केली आणि मोबाइलवर आम्ही दोघांनी चाळीस फोटोंत एक काडी पाटावरून चालवली.

माझगाव

गिरगावच्या काकांच्या काड्या वाचून अॅनिमेशनपट करणाऱ्या गीतांजली राव आठवल्या. 'प्रिंटेड रेनबो'मधली म्हातारी, तिची मांजर आणि काडेपेट्यांचा संग्रह. पण मला त्यांच्या 'बॉम्बे रोज'बद्दल लिहायचंय. फ्रेम न् फ्रेम हातानं रंगवलेला चित्रपट. परीक्षकाचं मत, 'चित्रं अप्रतिम, गोष्ट संथ, मधे भरकटते'. माझा नवरा दहा मिनिटांत फोन बघायला लागला आणि म्हणाला, बघ, तो बोललाच होता.

मी जिथे वाढले तिथे जिन्यात जुन्या लादीचा वास असतो. त्या चित्रपटात डिसूझा बाई रस्त्यानं चालत जातात आणि त्यांच्याभोवतीची रंगीत मुंबई विरत विरत काळी-पांढरी, जुनी होते. गाड्या जातात, पाट्या बदलतात. हे घाईनं दाखवता येईल का? माझी आजी भायखळ्याला जाताना अशीच चालायची, प्रत्येक दुकानाशी आधी तिथे काय होतं ते सांगत. नवऱ्याला मी तो प्रसंग परत लावून दाखवला. त्याला अजूनही चित्रपट संथच वाटतो. वाटू दे. पण त्यानं हे मत स्वतः बघून द्यावं एवढंच माझं म्हणणं होतं, आणि आता ते त्याचं स्वतःचं आहे.

धागाकर्ती, विक्रोळी

सगळं लेकीला वाचून दाखवलं. लालबागच्या अनुभवाशी ती थांबली आणि मामाला फोन लावून तिनं तो पुन्हा मोठ्यानं वाचला. पलीकडून बराच वेळ आवाज नव्हता. अंधेरीच्या ताई, ठाण्याच्या मुलाचा प्रश्न राहिलाय, तिलाही ते ऐकायचंय.

अंधेरी पूर्व

हो रे, आमचेच असतात. निदान मी केलेल्या कामांत तरी. संवाद सगळे आधी घेतात, किंकाळ्या आणि मारामारीचे हुंकार अगदी शेवटी, कारण त्यानंतर गळ्यात काही उरत नाही. प्रत्येक फटका वेगळा असतो. पोटात बसलेल्याला हवा बाहेर जाते, खांद्यावर बसलेल्याला आत ओढली जाते. मी स्टँडपासून दोन पावलं मागे सरून खरंच वाकते, नाहीतर आवाज खोटा येतो. त्या रात्री कोमट पाणी, ज्येष्ठमध आणि मौन. लेक अभ्यासातलं काही विचारायला आली की पाटीवर लिहून सांगते.